दारावरचा आकडा

दोन हजार पाच सालच्या पावसात डोंगराला भेग पडली, तसा ग्रामसेवक रंगाचा डबा घेऊन वाडीत आला. दरड कोसळलीच तर मातीखाली किती माणसं शोधायची ते कळावं, म्हणून तो दारोदार घरातल्या माणसांचा आकडा रंगवत होता. शेजारच्या दारावरचा ठसठशीत सात मालनबाई मघापासून बघत होती. तिच्या दारावर त्यानं एक काढायला ब्रश उचलला.

"चार लिव्हा," ती म्हणाली.

"आजी, लेक तर बायको-पोरीला घेऊन अंबडला राहतो ना? सणालाही येत नाही."

"नाय येत."

"मग?"

रंग नीट बसावा म्हणून मालनबाईनं पदरानं दार पुसून दिलं.

"चारच लिव्हा, बाबा. एकट्या म्हातारीसाठी कोण किती येळ उकरत बसंल?"