भरलेली सिरिंज

आईपासून रोज तीन तास वेगळी ठेवलेली उंदराची पिल्लं अल्कोहोलचं इंजेक्शन देण्याआधीच झिंगून पडत होती. दिल्लीतल्या त्या प्रयोगशाळेत वृंदाला संशय एकाचाच होता, पिंजरे सांभाळणाऱ्या सूर्यकांतचा.

म्हणून आज नऊ वाजता पिल्लं वेगळी करून तिने खोलीला स्वतः कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली.

बाराला कुलूप उघडलं, तर आठही पिल्लं उताणी. तोंडाला स्पिरिटचा वास. सिरिंज तिच्या हातात अजून भरलेलीच होती.

"मी तर आत आलोच नाही, मॅडम," सूर्यकांत दारातून म्हणाला. "पिल्लं फक्त आईवाचून होती."

तेवढ्यात मयूर विहारच्या पाळणाघरातून फोन आला. लेकीला ती सकाळीच तिथे सोडून आली होती.

"दीदी, गुड़िया उठ नहीं रही. मुँह से स्पिरिट जैसी बू आ रही है."