पालकांसाठी सूचना

"आई, गॅस बंद कर आणि माझ्याजवळ बस," दुसरीतली रेवा म्हणाली. तिच्या हातात वैजयंतीनंच लिहिलेलं 'चिमणीच्या पिल्लाची दोन घरटी' होतं. आईबाबा वेगळे होतात, तेव्हा मुलांना वाचून दाखवायचं पुस्तक.

"हे कशाला काढलंस गं?" भेंडी परतत वैजयंतीनं विचारलं.

"बाबांनी दिलंय. त्यांनी मला वाचून दाखवलं, आता मी तुला वाचून दाखवायचं. तूच सांगतेस ना सगळ्यांना, आधी गोष्ट, मग बातमी?"

वैजयंतीनं गॅस बंद केला. समोर बेडरूममधलं कपाट उघडं होतं. नवऱ्याच्या बाजूला नुसते हँगर लोंबत होते. याच पुस्तकाच्या प्रकाशनाला त्यानं हौसेनं पेढे वाटले होते, "मला तर फारच पटलं" म्हणत.

ती रेवाजवळ खाली बसली. रेवानं पुस्तकामागच्या 'पालकांसाठी सूचना' पाळून तिला पाण्याचा पेला दिला, पाठीवरून हात फिरवला.

"पण माझं काय चुकलं?" वैजयंतीच्या तोंडून निघालं.

रेवानं शेवटचं पान पुन्हा नीट वाचलं.

"पिल्लाची काही चूक नव्हती, एवढंच लिहिलंयस तू. चिमणीबद्दल काहीच नाही."