कोपऱ्यातली चौकट

"आजोबा, हा बाण कुठे नेऊ?" शाळेच्या तक्त्यावर अमेरिकेचं सरकार रंगवताना शाल्मलीने विचारलं.

"कोर्टाकडून काँग्रेसकडे, म्हणजे इथल्या संसदेकडे. काँग्रेसचा कायदा घटनेत बसत नसेल, तर कोर्ट तो रद्द करतं. कोर्टाचा निकाल पटला नाही, तर घटनादुरुस्ती करता येते. कधी सर्वोच्च न्यायालय स्वतःचाच जुना निकाल फिरवतं."

"म्हणजे काहीच फायनल नसतं?"

"सहसा नसतं," मी हसून म्हणालो.

तिने कोपऱ्यात एक छोटी चौकट काढली. "हे आपलं कोर्ट. जज म्हणाले, मी आईकडे टेक्सासला राहायचं. हे कोण फिरवणार?"

"वरचं कोर्ट. पण त्यासाठी बाबाने मुदतीत अपील करायला हवं."

लाल पेन्सिल हातात घेऊनच ती स्वयंपाकघराच्या दाराशी गेली. "बाबा, केलंस ना अपील?"

माझा मुलगा भांडी घासत होता. त्याने मागे वळून पाहिलं नाही. "नाही गं, राणी. मुदत काल संपली. मी रात्रपाळीला गेल्यावर तुझ्याजवळ कोण राहणार?"

"आजोबा आहेत की!"

ती माझ्याकडे बघत उभी राहिली. माझ्या व्हिसाचे सहा महिने रविवारी संपत होते.