पुस्तकातले अर्ज

अकराव्या पुस्तकातूनही अर्जच निघाला.

उत्कर्षानं तो उलगडला. करंजाड्याच्या एका सोसायटीत चौथ्या मजल्यावर पाणी चढत नव्हतं. खाली सेक्रेटरीचा शिक्का, सोबत आधारच्या तीन झेरॉक्स. समोरच्या काकांनी हात जोडले. "ताई, साहेबांच्या कानावर घाला."

"कादंबरी वाचलीत का, काका?"

"एकदम झकास! पाणी आलं की वाचतोच."

उत्कर्षाचे वडील शिवरामसाहेब मंत्री होते. पोरीनं महापालिकेला उभं राहावं असं त्यांना वाटत होतं. पोरीला कादंबऱ्या लिहायच्या होत्या. शेवटी साहेबांनी अट घातली. "तुझं पुस्तक आवडीनं वाचणारा एक माणूस दाखव. मी तिकिटाचं नाव काढणार नाही. नाहीतर सोमवारी फॉर्म भरायचा." म्हणून आज बेलापूरच्या हॉलमध्ये हा स्वाक्षरीचा कार्यक्रम.

सकाळी रांग बघून ती हरखून गेली होती. जिन्यावरून खाली पार पार्किंगपर्यंत माणसं, आणि प्रत्येकाच्या हातात तिची कादंबरी! साहेबांचे पीए हौसेराव यांनी दारावर पाटी लावली होती, ती मात्र तिनं वाचली नव्हती. 'पुस्तक असेल त्यालाच आत सोडले जाईल.' झालं. मंत्र्याच्या घरच्यांना भेटायचं आणि अर्ज न्यायचा नाही, असं कुठं असतं का? लोकांनी दारात पुस्तक घेतलं, अर्ज आत सरकवला आणि रांग धरली.

कळंबोलीच्या धर्मराजला ट्रक उभे करायला जागा हवी होती. एका मास्तरांना बदली हवी होती. एकानं तर शेवटच्या कोऱ्या पानावर हातानं भरभरून लिहून आणलं होतं. अभिप्राय! उत्कर्षाचे डोळे लकाकले. मजकूर गटाराबद्दल होता. शेजारी बसलेले हौसेराव सवयीनं एकेका कादंबरीवर 'आवक'चा शिक्का हाणत होते.

तीन वाजता तिनं पेन खाली ठेवलं. "सोमवारी किती वाजता, हौसेराव?"

"अकराला, ताई!" हौसेरावांचा चेहरा फुलला. "मुहूर्त काढूनच ठेवलाय."

तेवढ्यात रांगेच्या शेवटी कुणीतरी ओरडलं. "ओ मावशी, सरका ना पुढं!"

"तूच जा रं पुढं. मना घाई नाय."

जवळच्याच दिवाळे कोळीवाड्यातल्या विमलबाई सकाळची मासळी विकून थेट आल्या होत्या. गावच्या जेटीवर दिवा हवा, म्हणून दोन वर्षं त्या खेटे घालत होत्या. आज रांगेत उभ्या उभ्या करायचं काय, म्हणून त्यांनी हातातलं पुस्तक उघडलं होतं. तेव्हापासून त्या मागच्या एकेकाला पुढं सोडत होत्या. बघता बघता रांग संपली. विमलबाई खिडकीच्या उजेडात, ओठ हलवत, वाचतच होत्या.

"मावशी, अर्ज द्या लवकर," हौसेराव खेकसले. "हॉल बंद करायचाय."

"आत्ता नाय. त्यो खुनेला ठेवलाय. पान हरवंल माजं."

उत्कर्षा खुर्चीतून उठली. एवढ्या मोठ्या हॉलमधून ती चालत गेली, आणि देवळात जावं तसं तिनं वाटेत चपला काढल्या, हे तिचं तिलाही कळलं नाही.

"मावशी... हे मी लिहिलंय."

विमलबाईंनी चष्म्यावरून तिला खालवर न्याहाळलं. "तू व्हय? बरी गावलीस! त्या चंद्रीला घराबाहेर काढलीस ती कशाला गो? पोटुशी हाय ती! आता परत येते का न्हवऱ्याकडं, का..."

उत्कर्षानं तोंड उघडलं.

"नाय नाय! सांगू नको!" विमलबाईंनी हात वर करून तिला गप्प केलं आणि पुन्हा पुस्तकात मान घातली.

मंत्र्यांची लेक हात जोडून तिथंच उभी राहिली.