पुण्याची साडी

दर मे महिन्यात पूर्णिमा पुण्याहून पोरांना घेऊन वडगावला भावाकडे येते. दुपारी पोरं आडवी झाली, की नागेंद्र साडी अर्धी असली तरी खडखडणारा माग बंद करतो. असा मध्येच माग थांबवला, की कापडावर आडवी फिकट रेघ पडते आणि व्यापारी नाक मुरडतो. पण चार दिवसांसाठी आलेल्या बहिणीला हे सांगायचं कसं?

या वर्षी आल्या आल्या पूर्णिमानं वहिनीच्या हातात खोका ठेवला. "पुण्यातल्या मोठ्या दुकानातून घेतली, वहिनी. तुमच्या इकडे अशी बघायलासुद्धा मिळायची नाही."

मंगलनं घडी उलगडली. गेल्या मेमध्ये मागावर होता तोच मोरपंखी काठ. पदराजवळच्या फिकट रेघेवर तिचं बोट थांबलं. नागेंद्र छताकडं बघत राहिला.

"लई झ्याक हाय," मंगल म्हणाली.

जेवणं झाल्यावर पूर्णिमानं हाक मारली, "अण्णा, पोरं झोपतायत. तेवढा माग..."

नागेंद्र उठला. मंगल त्याच्या मागोमाग गेली आणि हळूच म्हणाली, "आवं, एवढा पदर विणून हुंदे, मग बंद करा. न्हायतर फुडच्या मेला ही बी मलाच नेसाय लागंल."