डिंकाचे लाडू

“लेबर रूममध्ये सोबतीला सासूबाईच हव्यात,” मी नर्सला सांगितलं. दाराशी उभी असलेली माझी आई बघतच राहिली.

थोरलीच्या वेळी सिझेरियन झालं, तेव्हा आईनं केलेले डिंकाचे लाडू सासूबाईंनी आळीत वाटून टाकले होते. “कळाच सोसल्या नाहीत, तर बाळंतिणीचे लाडू कशाला?”

या खेपेला कळा आपणहून सुरू झाल्या. प्रत्येक कळेला मी सासूबाईंचं मनगट आवळत गेले. त्यांच्या दोन बांगड्या पिचल्या, तरी सोडलं नाही.

शेवटी त्याच रडकुंडीला आल्या. “डॉक्टर, पोट फाडा हिचं, पण सोडवा.”

“डोकं दिसतंय. आता कशाला फाडायचं?”

मी सासूबाईंचं मनगट आणखी घट्ट धरलं. “बसा, आई. इथून उठलात की डिंक तळायला घ्या.”