नवऱ्याची साक्ष

आरोपीचं नाव पुकारलं तशी ती बाकावरून उठली. तिच्याबरोबर सवयीनं तिचा नवराही उठला.

"तुम्ही नाही हो," शिपाई म्हणाला. "तुम्ही साक्षीदार. बाहेरच थांबा. तुरुंगातसुद्धा जोडीनं जाणार की काय?"

ती हसली नाही, पण नवरा हसला. "जा. घाबरू नकोस," तो म्हणाला.

आत नणंद आधीच बसली होती, भावजयीकडे पाठ करून. फिर्याद तिनंच दिली होती आणि तिची साक्षही होऊन गेली होती.

भावजय चष्म्याच्या दुकानात काम करायची. काचा घासून फ्रेममध्ये बसवायच्या, दिवसभर तेच. बरोबरीच्या एकीचं ऑपरेशन होतं, म्हणून ती रक्त द्यायला गेली आणि चार दिवसांनी रक्तपेढीतून तिलाच बोलावणं आलं. एचआयव्ही. लग्नाआधी तिचं एकाशी जमलं होतं. ते नवऱ्याला ठाऊक होतं, पण त्यातून हे निघेल असं कुणाला वाटलं होतं? तिनं तोंडाला कुलूप लावलं. नवऱ्याला टाळायला कधी डोकेदुखी, कधी पाठदुखी पुढे केली. दर वेळी ते जमलं नाही.

मग नवऱ्याला खोकला लागला. तो लिफ्टच्या दुरुस्तीची कामं करायचा, शाफ्टमधल्या धुळीचा त्रास असेल असं दोघांनी धरलं. ताप हटेना तेव्हा डॉक्टरांनी रक्त तपासलं. त्या संध्याकाळी ओट्याला टेकून तिनं सगळं सांगून टाकलं. तो घरातून हाकलेल, हात उचलेल, असं तिला वाटत होतं.

तो खाली बघतच म्हणाला, "जाऊ दे. औषधं आहेत त्यावर. दोघं घेऊ."

नणंदेला कळलं तेव्हा तिनं घर डोक्यावर घेतलं. "तुझ्या आयुष्याचं वाटोळं केलं हिनं, आणि तू हिची समजूत काढतोस?"

"ताई, हात जोडतो. पोलिसांत जाऊ नकोस."

"तू देवमाणूस असशील. मी नाही," असं म्हणून ती गेली ती थेट चौकीत. एकदा गुन्हा नोंदला गेल्यावर मागे घ्यायची सोय नव्हती.

भावजयीची वकीलबाई रोखठोक होती. "जोडीदाराला आधी सांगितलं असतं तर गुन्हाच झाला नसता. सांगितलं होतंस?"

"नाही."

"मग कुणाकडून कुणाला झालं, तेच आपण विचारू. रक्त ते सांगत नाही. तपासणी आधी ज्याची, खापर त्याच्या माथी, एवढंच. नवरा पूर्वी दुसऱ्या शहरात होता ना? तिथल्या डॉक्टरांना बोलावू."

"त्याच्यावर चिखल उडवायचा नाही," ती म्हणाली. "त्यानं मला पदरात घेतलंय."

"तुरुंगात जाशील."

"जाईन."

घरी येऊन तिनं नवऱ्याला हे सांगितलं तेव्हा ती रडत होती. त्यानं तिला पाणी दिलं.

आता तो साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा होता. सरकारी वकील घाईत होते, प्रश्न सोपा होता.

"आरोपीनं आपला आजार तुमच्यापासून लपवला, बरोबर?"

"नाही."

वकिलांनी कागदातून मान वर काढली. "काय म्हणालात?"

"रक्तपेढीतून आली त्याच दिवशी तिनं मला सांगितलं. मला सगळं माहीत होतं. तरीही आम्ही नवरा-बायकोसारखे राहिलो. माझ्या मर्जीनं."

तिनं समोरचा कठडा घट्ट धरला. तो धडधडीत खोटं बोलत होता, तेही तिच्यासाठी. त्याला उलटसुलट विचारून झालं, पण तो तसूभर हलला नाही. दुपारी न्यायाधीशांनी तिला निर्दोष सोडलं.

"असा नवरा शोधून सापडायचा नाही," वकीलबाई म्हणाली आणि पुढच्या खटल्याला पळाली.

बाहेर ती त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून मनसोक्त रडली. "हे उपकार मी जन्मात फेडू शकणार नाही."

"वेडी आहेस. तोंड धू, आणि चहा घेऊन ये सगळ्यांना," तो म्हणाला.

ती गेल्यावर नणंद जवळ आली. "शपथ घेऊन खोटं बोललास. तिच्यासाठी?"

"हळू बोल, ताई."

"का बोललास ते सांग आधी."

"ती वकीलबाई माझ्या जुन्या डॉक्टरांना बोलावणार होती. ही नको म्हणाली होती, पण तुरुंग दिसल्यावर हो म्हणाली असती."

"मग? येऊ द्यायचं होतं त्यांना. काय सांगणार होते ते?"

पलीकडून ती चहाचे तीन कप सांभाळत येत होती. त्यानं तिच्याकडे बघून हात हलवला.

"लग्नाआधीच माझं रक्त तपासून मला जे सांगितलं होतं, तेच."